पनवेल : प्रेक्षणीय स्थळे व खाद्यपदार्थ

रायगड जिल्ह्यातील हे गाढी नदीकाठचे शहर मुंबई–पुणे व मुंबई–गोवा या मार्गांच्या सांध्यावर वसले आहे. पळस्पे फाट्यावर वडा, मिसळ व कोथिंबीर वडी खाण्यासाठी प्रवासी थांबतात. परंतु तेवढ्यावरून या भागाच्या आहाराची कल्पना येत नाही. गोवा मार्गावर वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण व पुढे अंगठ्यासारख्या सुळक्याचा कर्नाळा किल्ला असून त्याभोवतीचे पक्षी अभयारण्य १९६८ मध्ये घोषित झाले.

तांदळाची भाकरी व मासळी हा येथील नित्याचा आहार. हिवाळ्यातील पोपटी मात्र शेतातच खावी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला पसरून त्यावर वालाच्या शेंगा, मीठ व ओवा, तसेच आवडीनुसार बटाटे, अंडी वा कोंबडी भरतात. तोंड पाल्यानेच बंद करून मडके उपडे ठेवतात व भोवती पालापाचोळा पेटवितात. पाणी घालीत नाहीत. पाला व शेंगा यांच्या ओलाव्याची वाफ पुरते. वाल हे भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारे पीक होय. नवी मुंबईच्या विस्तारात व २०२५ मध्ये सुरू झालेल्या विमानतळासाठी तालुक्यातील बरीच भातशेती गेली, तिच्याबरोबर हे वालही गेले.