कोसळलेल्या मनोऱ्यातून अभियांत्रिकीचे धडे

अभियांत्रिकी म्हटले की बारावीचे गुण, प्रवेश परीक्षा आणि महाविद्यालयांच्या याद्या डोळ्यांसमोर येतात. सात-आठ वर्षांच्या मुलांचा या विषयाशी काय संबंध, असा प्रश्न पालकांना पडणे स्वाभाविक आहे. मात्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००१ मध्येच प्राथमिक वर्गांपासून विज्ञानाच्या जोडीला अभियांत्रिकीचा समावेश केला. तेथील बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयाने २००३ मध्ये सुरू केलेल्या 'इंजिनिअरिंग इज एलिमेंटरी' या उपक्रमाने मुलांसाठी पाच सोप्या पायऱ्या आखल्या : प्रश्न विचारा, कल्पना लढवा, आराखडा करा, वस्तू बनवा आणि तिच्यात सुधारणा करा. यातील शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि बहुधा तीच गाळली जाते.

रद्दीतील मनोरा

अशा उपक्रमाला महागड्या साहित्याची गरज नसते. चार मुलांचा एक गट, रद्दीतील दहा कागद, मीटरभर चिकटपट्टी आणि वीस मिनिटे एवढे पुरते. आधाराशिवाय उभा राहील आणि माथ्यावर रबरी चेंडू पेलेल, असा उंचात उंच मनोरा बांधायचा. सपाट कागद लगेच वाकतो. त्याचीच घट्ट सुरळी मात्र भार सोसते. सुरळ्यांचा चौकोन बाजूला कलतो, कारण बाजूंची लांबी तीच राहूनही त्याचे कोन बदलू शकतात. कर्णाची एक सुरळी जोडली की दोन त्रिकोण होतात आणि सांगाडा ताठ राहतो. रेल्वेचे लोखंडी पूल, विजेचे मनोरे आणि छपराच्या कैच्या याच तत्त्वावर उभ्या असतात.

हे तत्त्व भारतात नवे नाही. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेले अरविंद गुप्ता यांनी १९७८ मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृत्या तयार केल्या. पुढे पुण्याच्या 'आयुका'तील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी घडवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मुले सरस का ठरतात?

पीटर स्किलमन यांनी रचलेले एक आव्हान जगभर प्रसिद्ध आहे. स्पॅगेटीच्या वीस काड्या, गजभर चिकटपट्टी आणि गजभर दोरा यांच्या साह्याने अठरा मिनिटांत मनोरा उभारून त्यावर एक मार्शमॅलो ठेवायचा. टॉम वूजेक यांनी २०१० मध्ये मांडलेल्या निरीक्षणांनुसार, बालवाडीतून नुकतीच बाहेर पडलेली मुले व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधरांपेक्षा उंच मनोरे बांधतात. मोठी माणसे एकच आराखडा करतात आणि शेवटच्या क्षणी मार्शमॅलो ठेवतात. मनोरा कोसळला की वेळ संपलेली असते. मुले तो आरंभापासून ठेवून पाहतात, पडला की पुन्हा बांधतात. अर्थात सर्वांत उंच मनोरे वास्तुरचनाकार व अभियंत्यांचेच असतात. ज्ञानाला पर्याय नाही. पण चाचणी लवकर घेण्याची सवय ज्ञानाइतकीच मोलाची आहे.

शिक्षकांची कसोटी

आपल्याकडे नीती आयोगाने २०१६ पासून 'अटल टिंकरिंग लॅब' सुरू केल्या, परंतु त्या सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. त्याआधीच्या वयात अनेक मुलांच्या वाट्याला 'प्रकल्प' येतो तो दुकानातून आणलेला किंवा पालकांनी रात्री जागून केलेला. तो कधी मोडत नाही, म्हणून काही शिकवतही नाही.

गटकार्यातही एकच चुणचुणीत मूल सारे करते आणि इतर पाहत बसतात, हा धोका असतो. त्यासाठी बांधणारा, मोजणारा, साहित्य सांभाळणारा आणि नोंद ठेवणारा अशी कामे ठरवून ती दर फेरीला बदलावी लागतात. मनोरा पडल्यावर शिक्षकाने तो सावरू नये. 'आधी कुठे वाकला?' एवढेच विचारावे. गुण द्यायचेच असतील तर उंचीला न देता पहिल्या आणि दुसऱ्या मनोऱ्यातील सुधारणेला द्यावेत. त्याकरिता वेळापत्रकात दुसऱ्या प्रयत्नासाठी जागा ठेवणे, हीच या शिक्षणाची खरी किंमत आहे.