बैलगाडीची क्रेन

मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी थांबतात. एरवी रात्रंदिवस खडखडणाऱ्या नाशिक जिल्ह्यातल्या या गावाची ती साप्ताहिक सुट्टी, म्हणजेच माग कामगारांचा सिनेमाचा वार. २००० साली याच प्रेक्षकांमधल्या काहींनी स्वतःचा सिनेमा काढला.

नासिर शेख यांचं गावात व्हिडिओ पार्लर होतं. चित्रपट दाखवता दाखवता, दोन व्हीसीआर जोडून दृश्यं कापता-सांधता त्यांचा संकलनाचा हात बसला. पुढे साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर त्यांनी ‘मालेगाव के शोले’ केला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये, आणि कॅमेऱ्यापुढे-मागे सगळी गावातलीच मंडळी. घोडे आणायचे कुठून? डाकू सायकलींवर आले.

ही मंडळी काम कसं करतात, ते फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात बघायला मिळतं. ‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटाची जडणघडण त्यात टिपली आहे. नायक शफीक शेख हा अंगाने काटकुळा, पेशाने माग कामगार. कॅमेरा उंच न्यायचा तर बैल सोडलेली गाडी हाताशी असते: जूकडच्या टोकाला कॅमेरामन बसवायचा, मागून भार द्यायचा, की तो अलगद वर जातो. चालत्या माणसाबरोबर कॅमेरा सरकवायला सायकल. सुपरमॅनचं उड्डाण मात्र गाडी-सायकलवर भागणारं नव्हतं. त्यासाठी क्रोमा हवा, म्हणजे एकरंगी पडद्यासमोर माणूस चित्रित करायचा आणि संगणकावर तो रंग काढून मागे आकाश जोडायचं. मालेगावकरांनी हिरवं कापड ट्रकच्या अंगावर ताणलं.

याला ‘जुगाड’ म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. कॅमेरा नेमका कुठे वर गेला पाहिजे आणि का, हे ज्याला कळतं त्यालाच बैलगाडीत क्रेन दिसते. ही समज या लोकांनी पडद्यासमोर बसून कमावली होती.

सगळंच असं निभावत नाही. स्थानिक बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नसत, म्हणून नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. आणि गावागावांत मोबाइलवर लघुपट करणाऱ्यांना आज सर्वांत जास्त छळतो तो आवाज. चित्र थोडं धुरकट असलं तरी चालून जातं. वारा नि मोटारसायकलीच्या आवाजात बुडालेला संवाद कथाच बुडवतो. थोडेच पैसे असतील तर ते आधी माइकवर खर्चावेत.

शफीक २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले. माहितीपट देशभरातल्या चित्रपटगृहांत लागला तो त्यानंतर, २०१२ मध्ये. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा गावाची ही गोष्ट नव्या पिढीपर्यंत पोहोचली.

मालेगावने दुसऱ्यांच्या कथा आपल्या गावात आणल्या. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’त कथाही आपल्याच मातीतली घेतली: शाळेची ओढ लागलेला गरीब घरातला मुलगा. जेमतेम पंधरा मिनिटांच्या या लघुपटाने मंजुळे यांना ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागातला दिग्दर्शकीय पदार्पणाचा पुरस्कार मिळवून दिला. पिस्तुल्या झालेल्या सूरज पवार या मुलाच्या कामाचीही परीक्षकांनी विशेष दखल घेतली. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ या मंजुळे यांच्या पुढच्या चित्रपटांतही तो होता.