साठ गोलांची पूर्वपीठिका

इंग्लंडातील फुटबॉलच्या दप्तरात 1927-28 या हंगामापुढे एव्हर्टन संघाच्या विल्यम राल्फ डीन या खेळाडूच्या नावावर 60 गोलांची नोंद आहे. पहिल्या विभागाच्या 39 सामन्यांत त्याने ते केले, आणि तेव्हा त्याचे वय अवघे 21 वर्षांचे होते. लोक त्याला 'डिक्सी' म्हणत. त्याला स्वतःला मात्र हे टोपणनाव रुचत नसे आणि कोणी 'बिल' म्हणून हाक मारली तर तो अधिक प्रसन्न होई. या आकड्याची उपपत्ती लावताना काहीजण ईश्वरदत्त देणगीचा दाखला देतात, तर काहीजण त्या सुमारास खेळाचा कायदा बदलला होता आणि गोल करणे सोपे झाले होते, एवढे सांगून मोकळे होतात. दुसऱ्या म्हणण्यात बरेच तथ्य आहे. परंतु जो कायदा बावीसही संघांच्या आघाडीच्या खेळाडूंना सारखाच लागू होता, त्याचा एवढा लाभ एकट्या डीनने कसा उठविला, याचा उलगडा त्यातून होत नाही. त्यासाठी या मुलाच्या प्रारंभीच्या वर्षांकडे वळावे लागते.

मर्सी नदीच्या एका तीरावर लिव्हरपूल आणि दुसऱ्या तीरावर बर्कनहेड. गोद्या, जहाजबांधणीचे कारखाने आणि रेल्वे यांच्या आधाराने वसलेल्या या दुसऱ्या गावात 22 जानेवारी 1907 रोजी, रेल्वेत चाकरी करणाऱ्या एका सामान्य कुटुंबात त्याचा जन्म झाला. तो सात-आठ वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी त्याला नदीपलीकडे गुडिसन पार्कवर एव्हर्टनचा सामना पाहावयास नेले. हंगाम 1914-15 चा होता. त्या वर्षी एव्हर्टनने अजिंक्यपद मिळविले आणि लगेच महायुद्धामुळे साखळी स्पर्धाच चार वर्षे स्थगित झाली. मुलाच्या मनात त्या एका संघाने जे घर केले ते कायमचे. शाळेत त्याचे लक्ष नव्हते, आणि आपण फुटबॉलखेरीज तेथे काही शिकलो असा दावाही त्याने पुढे कधी केला नाही. युद्धकाळात सकाळी घरोघर दूध पोहोचविण्याचे काम तो करीत असे. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास तो अल्बर्ट इंडस्ट्रियल स्कूल या संस्थेत गेला. ही संस्था वस्तुतः वाट चुकलेल्या आणि गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांसाठी होती. डीनच्या हातून तसा कोणताही अपराध घडलेला नव्हता. घरात जागेची अडचण होती आणि त्या शाळेत फुटबॉलची सोय उत्तम होती, एवढ्यासाठी त्याने ती जवळ केली, आणि सोबतची मुले कोणत्या गुन्ह्यासाठी आलास असे विचारू लागली तेव्हा आपल्याला चोरी करताना पकडले, अशी थाप मारून त्याने आपली अब्रू राखली. मैदानासाठी स्वतःवर चोरीचा आळ ओढवून घेणारा हा मुलगा पुढे कोणत्या मार्गाने जाणार, हे ताडावयास ज्योतिषाची गरज नव्हती.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि विरल रेल्वेत उमेदवार फिटर म्हणून त्याची नेमणूक झाली. तेथे त्याने रात्रपाळी मुद्दाम मागून घेतली. दोन सहकाऱ्यांना शेडमधल्या उंदरांमुळे रात्रीचे काम नकोसे झाले होते. डीनला दिवस मोकळा हवा होता. सौदा उभयपक्षी सोयीचा ठरला. रेल्वेच्या वरिष्ठ वर्तुळातील मंडळींचा न्यू ब्रायटन या क्लबशी संबंध होता आणि तेथे खेळावयास ये, असे त्याला सुचविण्यातही आले. परंतु त्याने ते मानले नाही आणि पेन्स्बी युनायटेड या लहानशा स्थानिक संघातर्फे खेळू लागला. तेथेच ट्रॅनमिअर रोव्हर्सची नजर त्याच्यावर पडली. ट्रॅनमिअर हा बर्कनहेडचाच क्लब, तिसऱ्या विभागाच्या उत्तर शाखेत खेळणारा आणि पैशाची सदैव ओढाताण असलेला.

ट्रॅनमिअरतर्फे तो पहिला सामना 12 जानेवारी 1924 रोजी रॉदरहॅम काउंटीविरुद्ध खेळला. सतरावा वाढदिवस अद्याप दहा दिवस दूर होता आणि सामन्यात संघाचा दारुण पराभव झाला. त्या हंगामात तो केवळ तीन सामने खेळला आणि एकही गोल करू शकला नाही. पुढच्या हंगामात मात्र 27 सामन्यांत 27 गोल, तेही मार्च महिना उलटण्यापूर्वीच. या विभागातला खेळ फार सभ्य नसे. पोरगेलेसा आघाडीपटू गोलामागून गोल करू लागला की बचावाचे जुने, राठ झालेले गडी त्याच्या शरीराचा समाचार घेऊन तो प्रश्न निकालात काढीत. ऑल्ट्रिंगहॅमविरुद्ध राखीव संघाच्या एका सामन्यात एकाने त्याला अशी जबर लाथ मारली की, शस्त्रक्रिया करून त्याचे एक वृषण काढून टाकावे लागले. एवढ्यावर दुसरा एखादा रेल्वेच्या शेडमध्ये परतला असता. हा बरा होऊन पुन्हा मैदानात आला.

मार्च 1925 मध्ये एव्हर्टनने त्याला 3,000 पौंडांना घेतले. हा व्यवहार ज्या पद्धतीने झाला तीवरून त्या काळच्या व्यावसायिक खेळाडूची खरी प्रतिष्ठा किती होती, ते ध्यानात येते. ट्रॅनमिअरच्या व्यवस्थापकाने सौदा पक्का केला तेव्हा खेळाडूला विचारले नव्हते. एव्हर्टनचे चिटणीस टॉम मॅकिंटॉश नदीकाठच्या हॉटेलात वाट पाहत आहेत, असा निरोप घरी आईकडून कळल्यावर मुलगा धावतच तेथे गेला आणि त्याने करारनाम्यावर सही ठोकली. एव्हर्टन म्हणताच त्याला दुसरा विचार सुचला नाही. या रकमेपैकी 300 पौंड आपल्या आईवडिलांना मिळतील अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात 30 हाती पडले, आणि लीगचे अध्यक्ष जॉन मॅकेना यांच्याकडे त्याने दाद मागितली तेव्हा सही झालेली आहे, आता इलाज नाही, असे उत्तर मिळाले.

खेळाडूच्या वेतनावर तेव्हा लीगच्या नियमानुसार मर्यादा होती. हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त आठ पौंड, उन्हाळ्यात सहा; त्यापेक्षा अधिक देण्याची क्लबची इच्छा असली तरी मुभा नसे. शिवाय खेळाडूचे नोंदणीपत्र क्लबच्या ताब्यात राही. कराराची मुदत संपली तरी क्लबने मुक्त केल्याखेरीज त्याला लीगमध्ये अन्यत्र खेळता येत नसे. हिशेब करावा तर ज्या मुलासाठी 3,000 पौंड मोजले गेले त्याला तेवढी रक्कम कमाल वेतनाने मिळविण्यास 375 आठवडे, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ राबावे लागले असते. एरवी हिशेबाला चोख असलेल्या इंग्रज माणसाला या व्यवहारात काही वावगे वाटत नव्हते, याचे नवल वाटते.

डीन गुडिसन पार्कवर आला आणि अवघ्या तीन महिन्यांत खेळाचा एक मूलभूत नियम बदलला. तोवर ऑफसाइडचा नियम असा होता की, चेंडू पुढे धाडला जातो त्या क्षणी पुढच्या खेळाडूच्या आणि प्रतिपक्षाच्या गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असले पाहिजेत. या तिघांत एक बहुधा गोलरक्षकच असल्यामुळे राहत ते दोन बॅक. त्यांपैकी एकाने ऐन वेळी चार पावले पुढे टाकली की मागे दोघेच उरत, आघाडीचा खेळाडू अलगद ऑफसाइडमध्ये सापडे आणि पंचाची शिटी वाजे. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन तर या डावपेचासाठीच प्रसिद्ध होता. याचा अतिरेक होऊन खेळ मध्यरेषेच्या आसपासच्या अरुंद पट्टीत कोंडला जाऊ लागला, प्रेक्षक कंटाळू लागले, आणि जून 1925 मध्ये तीनऐवजी दोन गडी पुरेत असे ठरले. परिणाम तत्काळ दिसला. पहिल्या विभागाच्या 462 सामन्यांत आदल्या हंगामात 1,192 गोल झाले होते. नव्या नियमाच्या पहिल्या हंगामात तितक्याच सामन्यांत 1,703 झाले. ब्लॅकबर्नच्या टेड हार्परने एकट्याने 43 केले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या विभागात मिडल्सबरोच्या जॉर्ज कॅम्सेलने 59 गोलांची मजल मारली.

बचावाला यावर तोड सापडावयास वेळ लागला. तोवर सेंटर-हाफ हा मैदानाच्या मध्यभागी मुक्तपणे वावरणारा, हल्ला आणि बचाव या दोहोंत भाग घेणारा गडी असे. 3 ऑक्टोबर 1925 रोजी न्यूकॅसलने आर्सेनलचा 7-0 असा फडशा पाडल्यावर आर्सेनलचा अनुभवी खेळाडू चार्ली बकन याने व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांच्यापाशी आग्रह धरला की, सेंटर-हाफला मागे ओढून दोन बॅकच्या मधोमध उभे करावे. या 'तिसऱ्या बॅक'ची तजवीज हळूहळू सर्वत्र रूढ झाली. पण जुनी वहिवाट सोडावयास अनेक क्लब नाखूष होते. नियम बदलला आहे आणि बचाव अजून बदललेला नाही, अशा त्या दोन-तीन वर्षांच्या संधिकालात सेंटर-फॉरवर्डपुढे जणू मोकळे शेत पडले होते.

तरीही त्या शेतातले पीक सर्वांना सारखे आले नाही. नव्या नियमाच्या पहिल्याच हंगामात डीनचे 32 गोल झाले. उत्तमच, पण हार्परहून 11 कमी. 1926 च्या उन्हाळ्यात उत्तर वेल्समध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याची कवटी आणि जबडा मोडला. तो पुन्हा खेळू शकेल की नाही याविषयी डॉक्टरांनाच शंका होती. तो काळ चामड्याच्या, तोंडाशी नाडीने आवळलेल्या, पावसात भिजून जड होणाऱ्या चेंडूचा; आणि या मुलाचे तर मुख्य शस्त्रच मस्तक. तो त्या शरद ऋतूत मैदानावर परतला तेव्हा प्रेक्षकांना धास्ती एवढीच होती की, हा चेंडू डोक्याने मारतो की टाळतो. त्याने टाळला नाही. कवटीत धातूची पट्टी बसविल्यामुळेच त्याच्या टोल्याला एवढा जोर आला, अशी वदंताही मग पसरली. त्या हंगामात खेळलेल्या 27 साखळी सामन्यांत त्याने 21 गोल केले, आणि ते झाले नसते तर बावीस संघांत विसाव्या स्थानावर राहिलेला एव्हर्टन खालच्या विभागात घसरला असता. त्याच हंगामात विसाव्या वर्षी तो इंग्लंडतर्फे खेळू लागला. वेल्सविरुद्ध पहिल्याच सामन्यात दोन गोल; आणि एप्रिल 1927 मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंड 2-1 असा जिंकला ते दोन्ही गोल त्याचेच. स्कॉटलंडच्या भूमीवर इंग्लंडला 1904 नंतर मिळालेला तो पहिला विजय होता.

माझ्या मते साठ गोलांचे रहस्य असलेच तर ते या मस्तकात आहे. डीनची उंची सहा फुटांच्या आतलीच होती. परंतु उडी केव्हा घ्यावी याची त्याची जाण विलक्षण होती. बचावाचा गडी चेंडूखाली येऊन उभा राही, हा अंतरावरून धावत येऊन वर चढे आणि कपाळाने चेंडू खाली, गोलरक्षकाच्या हाताआड वळवी. नियम बदलल्यामुळे जमिनीवरची वाट सर्वांना मोकळी झाली होती. याला ती होतीच, शिवाय हवेतली होती, आणि तिच्यावर कोणत्याही ऑफसाइडच्या सापळ्याचा फारसा अंमल चालत नसे. तिला चेंडू पुरविणारा अॅलेक ट्रूप हा डाव्या बगलेचा बुटका स्कॉटिश खेळाडू होता. खांद्याचे हाड कमजोर असल्याने तो पट्टी बांधून खेळे, आणि कडेवरून असा मोजका, किंचित लोंबता चेंडू टाकी की डीनला फक्त वेळ साधावी लागे. लिव्हरपूल संघाचा गोलरक्षक एलिशा स्कॉट याच्याविषयीची दंतकथा सर्वश्रुतच आहे: रस्त्यात समोरून आलेल्या डीनने सहज मान लववून अभिवादन केले आणि स्कॉटने सवयीने बाजूला झेप घेतली! ही कथा घडलेली नसावी, पण ती रचणाऱ्याला फुटबॉल चांगला कळत होता.

1927-28 चा हंगाम सुरू झाला आणि पहिल्या नऊही सामन्यांत डीनने गोल केले. नवव्यात मँचेस्टर युनायटेडवर एकट्याने पाच. मध्यंतरी संघाची गाडी अडखळली, आघाडी गेली, पुन्हा मिळाली. अखेरचे दोन सामने राहिले तेव्हा त्याच्या खात्यावर 53 गोल होते आणि कॅम्सेलचा 59 चा विक्रम ओलांडण्यास सात हवे होते. बर्नलीविरुद्ध त्याने चार केले. राहिले तीन. 5 मे 1928 रोजी गुडिसन पार्कवर शेवटचा सामना होता तो आर्सेनलशी. अजिंक्यपद आधीच एव्हर्टनकडे निश्चित झाले असल्यामुळे जमलेल्या हजारो लोकांना निकालाची फिकीर नव्हती. आर्सेनलने प्रथम गोल केला. डीनने बरोबरी साधली आणि मग पेनल्टीवर दुसरा केला. त्यानंतर तिसरा काही केल्या होईना. सामना संपावयास थोडा अवधी उरला असताना ट्रूपने कॉर्नर घेतला आणि डीनने तो डोक्याने आत घातला. शेवटच्या क्षणांत आर्सेनलने 3-3 अशी बरोबरी केली, पण ती कोणाच्या लक्षातही राहिली नसावी. आर्सेनलच्या बाजूने त्या दिवशी चार्ली बकन खेळत होता, तिसऱ्या बॅकची कल्पना मांडणारा तोच बकन, आणि त्याच्या कारकिर्दीतला तो अखेरचा सामना होता.

पहिल्या विभागात एका हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत डीनच्या खालोखाल नाव येते ते अॅस्टन व्हिलाच्या टॉम वॉरिंगचे: 1930-31 मध्ये 49. हा वॉरिंगही बर्कनहेडचाच. ट्रॅनमिअरच्या मैदानावर तो आधी चॉकलेटे विकीत असे, आणि डीन नदीपलीकडे गेल्यावर तेथील सेंटर-फॉरवर्डची रिकामी जागा पुढे त्यानेच भरून काढली. फेब्रुवारी 1928 मध्ये व्हिलाने त्याला 4,700 पौंडांना उचलले, तेव्हा ट्रॅनमिअरच्या तिजोरीत डीनच्या वेळेपेक्षा 1,700 पौंड अधिक पडले.