पाणी माणसागणिक, जमीन ज्याची त्याची : पाणी पंचायतीचा धडा



शेतीत काही गोष्टी खाजगी असतात, काही सामाईक, काही सरकारी. यांपैकी एकच पद्धत सर्वत्र लावावी, असा आग्रह धरला की कोणी ना कोणी उपाशी राहतो. तिन्हींचा मेळ कसा घालता येतो, हे पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात पाहावयास मिळाले.

सन 1972 च्या दुष्काळानंतर श्री. विलासराव साळुंखे या अभियंत्याने नायगाव येथे देवस्थानची सुमारे 40 एकर पडीक जमीन कराराने घेतली. बांधबंदिस्ती करून व पाणी अडवून ती पिकाखाली आणली. सन 1974 मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले. या कामातूनच पुढे पाणी पंचायतीचे नियम ठरले.

मुख्य नियम असे :

1. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर ठरतो. दर माणशी अर्धा एकर, मात्र एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर.

2. भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क मिळतो.

3. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही.

4. ऊसासारखी जास्त पाणी पिणारी पिके घेता येत नाहीत.

5. उपसा योजनेच्या खर्चापैकी 20 टक्के रक्कम सभासद आधी भरत, 50 टक्के शासकीय अनुदान व उरलेले 30 टक्के प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज असे.

उदाहरण पाहू. एका कुटुंबात पाच माणसे व दहा एकर जमीन आहे. त्यास अडीच एकरांपुरतेच पाणी मिळेल. बाकीची जमीन पावसावर. शेजारच्या चार माणसांच्या भूमिहीन कुटुंबास दोन एकरांच्या पाण्याचा हक्क राहील. ते कुटुंब दुसऱ्याची कोरडवाहू जमीन वाट्याने घेऊन आपले पाणी त्यावर वापरू शकेल. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे त्यालाही भूमिहीनाची गरज भासते.

येथे जमीन खाजगीच राहिली व माल बाजारातच विकला गेला. पाणी तेवढे सामाईक झाले. सरकारने भांडवलाचा भार उचलला, पण वाटपाचा निर्णय सभासदांच्या हाती राहिला. सुरुवातीस स्वतःचे पैसे घातल्यामुळे योजना आपली वाटते, हेही महत्त्वाचे.

मोठ्या जमीनधारकास हा नियम जाचक वाटणे साहजिक आहे. परंतु ज्याची ऐपत त्याची विंधन विहीर खोल, अशी चढाओढ लागली की शेवटी सर्वांचेच पाणी आटते, हेही ध्यानात घ्यावे.

आपल्या गावात असा प्रयत्न करावयाचा असल्यास प्रथम उपलब्ध पाण्याचा हिशोब मांडावा. कुटुंबवार माणसांची यादी करावी. पीकपद्धती पाऊस संपताच बैठकीत ठरवावी. पाणी सोडण्यासाठी एकच पाटकरी नेमावा व पाळीची नोंदवही सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. मोटार बसविण्यापूर्वी नियम ठरवावेत. पाणी वाहू लागल्यावर ते ठरविणे कठीण जाते.