गोठ्याचा अभ्यास मोबाइलवर

दहावी-बारावीचे निकाल लागले की पशुवैद्यकीय सहायक होण्याच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या जाहिराती मोबाइलवर येऊ लागतात. घरबसल्या शिका, काही महिन्यांत प्रमाणपत्र मिळवा, असा त्यांचा सूर असतो. घरी दोन-चार जनावरे आहेत, पण बाहेरगावी खोली घेऊन शिकणे परवडत नाही, अशा मुलामुलींना त्याची भुरळ पडली तर नवल नाही. गरजही खरी आहे. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात ५३ कोटींहून अधिक पशुधन आहे. खेड्यात आजारी जनावरापाशी आधी पोहोचतो तो बऱ्याचदा पशुधन पर्यवेक्षक किंवा सहायक. डॉक्टर मागाहून येतात. २०२२मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा लस टोचायला किती हात लागतात हे राज्याने पाहिले. हे काम पडद्यावर बघून कितपत शिकता येते, हा खरा प्रश्न.

बरेच येते, हे आधी मान्य करायला हवे. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच का ठेवायच्या, गायीचा माज साधारण २१ दिवसांनी का येतो, वजनावरून औषधाची मात्रा कशी काढायची, प्रतिजैविक दिल्यावर ठरावीक दिवस दूध का विकायचे नाही, हे सारे वर्गाइतकेच मोबाइलवर समजते. काही गोष्टी तर चित्रफितीतच अधिक चांगल्या कळतात. लंगडणारी गाय नेमका कोणता पाय वाचवते आहे हे पुस्तकातल्या चित्रात दिसत नाही. फीत मात्र दहा वेळा मागे नेऊन बघता येते.

अडचण सुरू होते ती जनावराला हात लावायची वेळ आल्यावर. कृत्रिम रेतनाचेच बघा. वीर्याच्या कांड्या उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात असतात. कांडी बाहेर काढून साधारण ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, इथवर पाठांतराने जमते. त्यानंतर एक हात गुदद्वारातून आत घालून आतड्याच्या भिंतीआडून गर्भाशयमुख पकडायचे असते आणि दुसऱ्या हाताने योनिमार्गातून नळी त्याच्या वळ्यांतून अलगद पुढे सरकवायची असते. इथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. शिकवणाऱ्यालाही दिसत नाही, की विद्यार्थ्याच्या मुठीत गर्भाशयमुख आहे की आणखी काही. ब्रिटनमधील पशुवैद्यक सारा बेली यांनी याच अडचणीवर ‘हॅप्टिक काऊ’ नावाचे यंत्र तयार केले. विद्यार्थ्याच्या बोटांना गायीच्या आतल्या अवयवांचा भास होतो आणि बोट कुठे आहे ते शिक्षकाला संगणकावर दिसते. पण तेही गायीपर्यंत जाण्याआधीची पायरीच.

चूक झाली तर काय होते? नळी नेमक्या जागी पोचली नाही आणि गाय गाभण राहिली नाही, तर पुढच्या माजापर्यंतचे तीन आठवडे वाया जातात. वैरणीचा खर्च मालकाचा. काही गायी गाभण असतानाही माज दाखवतात. तशा गायीच्या गर्भाशयात नळी गेली तर गर्भपात होऊ शकतो. ही शंका ज्या हाताला यायला हवी, तो हात कित्येक गायी तपासल्यावरच तयार होतो.

शिकणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न तर जाहिरातीत कधीच नसतो. गाय मागे उभे असलेल्यालाच लाथ मारते असे नाही. तिचा पाय पुढे आणि बाजूला गोल फिरतो. जनावर खोड्यात कसे घ्यायचे, वेसण कुठे धरायची, आपण कुठे उभे राहायचे, हे कोणीतरी शेजारी उभे राहून दाखवावे लागते. त्याहून घातक चूक पिसाळलेल्या जनावराबाबत होते. म्हशीच्या तोंडातून लाळ गळते, तिला गिळता येत नाही, आवाज बदललेला असतो. घशात काहीतरी अडकले असावे, असे घरच्यांना वाटते आणि मदतीला आलेला उघडा हात तिच्या तोंडात घालतो. रेबीजचे विषाणू लाळेतच असतात. हातावरचा एखादा ओरखडाही त्यांना पुरतो. म्हणून या कामात उतरणाऱ्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी. ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना देतात. तिच्यात जिवंत जंतू असतात. सुई स्वतःच्या बोटात गेली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर टोचणाराच आजारी पडू शकतो. हातमोजे आणि चष्मा लागतो तो यासाठी.

यात कायद्याची बाजूही आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४च्या कलम ३०नुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. राज्य सरकार आदेश काढून पर्यवेक्षक किंवा सहायकाची पदविका अथवा प्रमाणपत्र असलेल्यांना किरकोळ सेवांची मुभा देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, अशी ती कामे. आणि तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. हे प्रमाणपत्रही राज्याच्या पशुसंवर्धन संचालनालयाचे किंवा पशुवैद्यकीय संस्थेचे असावे लागते. कोणत्याही संकेतस्थळावरून छापून घेतलेल्या कागदाने तो अधिकार मिळत नाही.

ही मर्यादा जाचक वाटते, पण तिला कारण आहे. दुग्धज्वर घ्या. नाव ज्वराचे, पण व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत आडवी पडलेली ही गाय तापलेली नसते, उलट कान गार लागतात. रक्तातले कॅल्शियम घटलेले असते. शिरेतून कॅल्शियम दिले की बघता बघता ती उठून उभी राहते. हे दृश्य इतके जादूसारखे असते की कोणालाही वाटावे, एवढे तर आपणही करू. पण तेच औषध घाईने सोडले तर हृदय बंद पडून गाय जागीच मरते. डॉक्टर बाटलीची धार संथ ठेवतात आणि दुसरीकडे ठोके ऐकत असतात.

दूरशिक्षणाने हे काम शिकवताच येत नाही असे मात्र नाही. अमेरिकेत पशुवैद्यकीय तंत्रज्ञांचे मान्यताप्राप्त दूरशिक्षण अभ्यासक्रम आहेत. तिथे पुस्तकी भाग घरून होतो, पण प्रत्येक कौशल्य दवाखान्यात पशुवैद्यकाच्या किंवा अनुभवी तंत्रज्ञाच्या नजरेखाली करावे लागते. ते केल्याची चित्रफीत संस्थेला पाठवायची, मग ती तपासली जाते. आपल्याकडे ग्रामीण कृत्रिम रेतन कार्यकर्त्यांच्या ‘मैत्री’ योजनेतही वर्गाबरोबर प्रत्यक्ष गावातले काम ठेवलेले आहे.

शुल्क भरण्यापूर्वी त्यामुळे काही गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रात्यक्षिक कोणत्या दवाखान्यात किंवा प्रक्षेत्रावर होणार? किती दिवस, कोणत्या नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या हाताखाली? केलेल्या कामाची नोंदवही असते का, तिच्यावर सही कोणाची? राज्याच्या पशुसंवर्धन खात्यात हे प्रमाणपत्र चालते का, हे संस्थेला न विचारता पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारावे. शहरातल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात मदतनीस व्हायचे असेल तर गणित थोडे सोपे आहे. प्राणी धरणे, पिंजरे साफ ठेवणे, उपकरणे निर्जंतुक करणे ही कामे डॉक्टर हाताखाली घेऊन शिकवतात आणि ऑनलाइन अभ्यास तिथे उपयोगी पडतो. लस आधी घ्यायची, हा नियम तिथेही तोच.