टँकर कलंडला, तर आधी वर्दी

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, आपले गाव कोणतेही असो, त्याच्या वेशीवरून पेट्रोल, डिझेल आणि घरगुती गॅस वाहून नेणारे टँकर रात्रंदिवस धावत असतात. स्वयंपाकघरातील शेगडीपासून दारातील स्कूटरपर्यंत आपला सारा संसार त्यांच्यावर चालतो. त्यामुळे त्यांचे भय वाटेनासे झाले आहे, हे एका परीने स्वाभाविकच म्हटले पाहिजे. परंतु असा टँकर कलंडून त्यातील इंधन वाहू लागले, तर कोणी, कोणास आणि किती वेळात कळवावयाचे याविषयी कायद्याने नियम घालून दिलेले आहेत. ते केवळ चालकाने आणि मालकाने ठाऊक करून घ्यावेत, अशा स्वरूपाचे मात्र नाहीत.

२६ ऑक्टोबर २०२२ रोजी, दिवाळी नुकतीच सरत असताना, मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात अंजनगावाजवळ इंधनाचा एक टँकर उलटला. बातमी गावात पसरली आणि माणसे भोवती जमली. टँकर उलटताक्षणी पेटला नव्हता. स्फोट झाला तो काही वेळाने, लोक गोळा झाल्यावर. वीसहून अधिक माणसे होरपळली. गंभीर भाजलेल्यांना इंदूरला हलवावे लागले आणि पुढील दिवसांत मृतांची संख्या वाढत गेली. याहूनही भीषण प्रसंग पाकिस्तानातील बहावलपूर जिल्ह्यात २५ जून २०१७ रोजी, ईदच्या आदल्या दिवशी घडला. हमरस्त्यावर उलटलेल्या टँकरमधील तेल भरून घेण्यासाठी आसपासची माणसे बादल्या, कॅन, हाती लागेल ते भांडे घेऊन धावली. मग भडका उडाला आणि दोनशेहून अधिक जीव गेले. दोन्ही ठिकाणी अपघात आणि आग यांच्यामध्ये काही वेळ मोकळा होता. त्या वेळात माणसे दूर गेली असती तर तेल तेवढे जळाले असते.

हा मधला वेळ फसवा का असतो, हे समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही; जळते ती त्याची वाफ. आणि ही वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी सुटत असते. मग आपल्याकडच्या उन्हाळ्याची काय कथा! ती हवेपेक्षा तिपटीहून जड असल्यामुळे वर उडून जात नाही. जमिनीलगत, उताराच्या दिशेने, गटारांतून आणि खाचखळग्यांतून ती सरपटत जाते. म्हणजे तेलाचे थारोळे जेथे दिसते तेथेच धोका संपत नाही. शंभर पावलांवरच्या चहाच्या टपरीतील स्टोव्हही तिला पुरतो. डिझेलची वाफ इतक्या सहज सुटत नाही, म्हणून पेट्रोलियम कायद्याच्या वर्गवारीत पेट्रोल ‘अ’ वर्गात तर डिझेल ‘ब’ वर्गात येते. तथापि एकाच टँकरच्या निरनिराळ्या कप्प्यांत दोन्ही असू शकतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता नियमांकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या १३४ व्या कलमाने सर्वसाधारण अपघातात, म्हणजे कोणी जखमी झाल्यास किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास, चालकावर जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी टाकली आहे. पोलीस जागेवर नसतील तर त्याने जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, हकीकत कळवली पाहिजे. धोकादायक माल वाहणाऱ्या गाडीच्या बाबतीत मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १३६ वा नियम अशी सवलत देत नाही. त्या मालासह अपघात घडताच चालकाने जवळच्या पोलीस ठाण्यास तत्काळ वर्दी द्यावयाची आणि गाडीच्या मालकास किंवा वाहतूकदारासही कळवावयाचे. आग लागली तरच, असे त्यात म्हटलेले नाही. एकीकडे चोवीस तास आणि दुसरीकडे ‘तत्काळ’ या फरकातच सारे आले. आग वा स्फोट होऊन हानी झाल्यास १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यान्वये मुख्य विस्फोटक नियंत्रकांनाही कळवावे लागते. त्यांचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

पण चालकच बेशुद्ध असेल तर? किंवा पळून गेला असेल तर? पळून जाणाऱ्या चालकाला आपण सरसकट भ्याड म्हणतो. वास्तविक वर उल्लेखिलेल्या १३४ व्या कलमात खुद्द कायदेकर्त्यांनीच जमावाच्या प्रक्षोभाची दखल घेतलेली आहे. त्या कारणाने जखमीला मदत करणे शक्य झाले नाही, तर ते समजून घेण्याची तरतूद तेथे आहे. चालकावर हात टाकणारा जमाव एका अर्थी स्वतःचेच नुकसान करीत असतो. टाकीत काय आहे, किती कप्पे भरलेले आहेत, झडप कोठे आहे, हे जाणणारा तेथे तो एकटाच असतो. अशा मालाच्या चालकाने स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेले असावे लागते आणि त्या मालासंबंधीच्या लेखी सूचना त्याच्याजवळ केबिनमध्ये ठेवाव्या लागतात. त्याला मारण्यापेक्षा विचारणे अधिक शहाणपणाचे.

तो नसलाच, तर टँकर स्वतःच बोलतो. १३४ व्या नियमानुसार (कलम आणि नियम यांचा क्रमांक योगायोगाने एकच आहे) टँकरच्या दोन्ही बाजूंस व मागे एक माहितीफलक असावा लागतो. त्यावर मालाचे नाव, धोक्याची निशाणी, संयुक्त राष्ट्रांनी ठरवून दिलेला क्रमांक आणि संकटसमयी फोन करावयाचा क्रमांक लिहिलेला असतो. मालाचे नाव व दूरध्वनी क्रमांक यांची अक्षरे किमान ५० मिलिमीटर आणि संयुक्त राष्ट्रांच्या क्रमांकाचे आकडे किमान १०० मिलिमीटर उंच हवेत, असा दंडक आहे. दुरून वाचता यावे हाच त्यामागील हेतू. पेट्रोलचा क्रमांक १२०३, डिझेलचा १२०२, स्वयंपाकाच्या गॅसचा १०७५. शेजारी बंबवाल्यांसाठी एक सांकेतिक खूण असते. पेट्रोलच्या खुणेतील ‘३’ म्हणजे फेस मारा आणि शेवटचा इंग्रजी ‘ई’ म्हणजे परिसर रिकामा करण्याचा विचार करा. पेट्रोलच्या आगीवर पाण्याचे हंडे रिकामे करणाऱ्या सद्‍हेतू माणसांनी हा ‘३’ लक्षात घ्यावा. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि पाण्याबरोबर आगही वाहत पुढे जाते.

वारा पाठीशी घेऊन, दूर उभे राहून हे आकडे वाचावेत आणि ११२ वर फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हाही क्रमांक आहे. जागा, फलकावरील क्रमांक, गळती चालू आहे की थांबली, आणि कोणी अडकले आहे काय, एवढे सांगितले की वर्दी पुरी झाली. पोलिसांच्या फेऱ्यात सापडू म्हणून अनेकजण फोन टाळतात. परंतु जखमीला मदत करणाऱ्यास संरक्षण देणारे १३४-अ हे कलम २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले आहे.

घर रस्त्यालगत असेल तर गृहिणींनी एक गोष्ट विशेष ध्यानी धरावी. केरळात कण्णूरजवळील चाला येथे २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री गॅसचा टँकर अपघातात सापडला. गॅस भोवतालच्या घरांत शिरला आणि मग पेटला. त्यात वीस माणसे मृत्युमुखी पडली. हा गॅसही हवेपेक्षा जड. गळतीची कुणकुण लागताच शेगडी, देवाजवळील निरांजन, उदबत्ती विझवावी. विजेचे बटण लावूही नये आणि बंदही करू नये. मोटार, स्कूटर चालू न करता मुलाबाळांसह वाऱ्याच्या उलट बाजूने पायी निघावे. घरातील सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा वेगळा क्रमांक आहे.

राहता राहिली साध्या मालमोटारीच्या स्वतःच्या टाकीतून सांडणाऱ्या डिझेलची गोष्ट. तो काही वाहून नेण्याचा धोकादायक माल नव्हे, म्हणून वरचा ‘तत्काळ’ वर्दीचा नियम त्याला लागू होत नाही. कोणी जखमी झाले नाही, दुसऱ्याचे काही मोडले नाही, तर १३४ वे कलमही गप्प असते. आणि तरीही चोर्ला किंवा अनमोड घाटातील एखाद्या वळणावर सांडलेला असा ओघळ, विशेषतः पहिल्या पावसात, मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या हाडांवर बेतू शकतो. तेथे फोन तर करावाच. शिवाय मदत येईपर्यंत वळणाच्या अलीकडे झाडाची फांदी आडवी टाकावी आणि रहदारी थांबवता आली तर ओघळावर माती, वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरावा.