कुठवर येऊन थांबला?

घरच्या घरी संगणक : भाग ७

गेल्या भागात जुळणी पूर्ण झाली. ज्यांनी बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला, त्यांच्यासाठी हा भाग. अशा वेळी पहिला प्रश्न हमखास असतो, ‘कुठला पार्ट खराब निघाला?’ मग रॅम बदलून पाहा, एसएमपीएस शेजाऱ्याचा लावून पाहा, असं सुरू होतं. माझ्या मते हा प्रश्नच आधी बाजूला ठेवावा. नव्या कोऱ्या यंत्रात पार्ट खराब असण्यापेक्षा तो नीट न बसलेला असण्याची शक्यता कितीतरी जास्त. विचारायचं ते असं, की बटण दाबल्यावर संगणक कुठवर आला आणि कुठे थांबला?

कारण या प्रवासाचा क्रम ठरलेला आहे. भिंतीवरचं बटण चालू असलं की संगणक ‘बंद’ असतानाही एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीकसा पुरवठा देत राहतो. बऱ्याच बोर्डांवर त्यामुळेच एखादा दिवा मिणमिणत असतो. समोरचं बटण दाबलं की मदरबोर्ड एसएमपीएसला जागं करतो. १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे उभे राहतात. ते स्थिर झाले की एसएमपीएस ‘सगळं ठीक’ असा इशारा देतो. याला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागत नाही, पण हा इशारा येईपर्यंत प्रोसेसर हलत नाही. त्यानंतर प्रोसेसर, मग रॅम, मग ग्राफिक कार्ड आणि शेवटी डिस्क. या आत्मपरीक्षेला पोस्ट म्हणतात. १९८१च्या आयबीएम पीसीपासून ती चालत आली आहे आणि तेव्हा सगळं ठीक असेल तर एक छोटा ‘बीप’ वाजायचा. आता कॅबिनेटबरोबर तो इवलासा स्पीकर बहुधा येतच नाही. त्याऐवजी बऱ्याच मदरबोर्डांच्या कडेला चार दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. ज्या दिव्यावर गाडी अडते तिथे शोध सुरू करायचा. कॅबिनेटची बाजूची काच लावायच्या आधी हे दिवे कुठे आहेत ते पाहून ठेवा.

दुरुस्तीवाले बंद संगणकाचे ढोबळ दोन प्रकार करतात, ‘डेड’ आणि ‘नो डिस्प्ले’. ही वाटणी आपल्यालाही पुरते.

डेड म्हणजे पंखासुद्धा फिरत नाही. आधी भिंतीकडे बघा. स्पाइक गार्डचं बटण, एसएमपीएसच्या पाठीमागचं बटण (रेघेची बाजू दाबलेली हवी, गोलाची नव्हे), आणि वायर एसएमपीएसमध्ये शेवटपर्यंत खोचली आहे का ते. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण तासभर डोकं खाजवल्यावर पाठीमागचं बटण सापडल्याच्या हकिकती या धंद्यात रोजच्या आहेत. त्यानंतर मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या त्या बारीक पिना, जिथे कॅबिनेटच्या पॉवर, रीसेट आणि दिव्यांच्या वायरी जातात. दिव्याची वायर उलटी लागली तर दिवा पेटत नाही, इतकंच. पॉवरच्या वायरीला उलटं-सुलटं नसतं, पण ती एक घर सरकली तर बटण कितीही दाबा. मॅन्युअलमध्ये बघून पॉवरच्या दोन पिना शोधा, कॅबिनेटची वायर काढा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिनांना क्षणभर एकत्र स्पर्श करा. बटण एवढंच तर करतं. संगणक सुरू झाला तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत.

तरीही काही नाही, तर २४ पिनांचा मोठा कनेक्टर पुन्हा काढून बसवा. नवा असताना तो इतका घट्ट असतो की कट्ट आवाज येण्याआधीच आपण हात काढून घेतो. एसएमपीएस वेगळा तपासायचा तर हिरवी वायर काळीशी जोडून पाहण्याची जुनी युक्ती आहे. पण आता बहुतेक एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, काहींचा पंखा भार नसताना फिरतच नाही, आणि पंखा फिरला म्हणजे पुरवठा चोख आहे असंही नाही. दुकानात एसएमपीएस टेस्टर असतो, तिथे दोन मिनिटांचं काम. एसएमपीएस उघडायचा मात्र नाही. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर भार शिल्लक असू शकतो.

जाता जाता एक. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरातल्या प्लगला अर्थिंग नाही. संगणक सुरू न होण्याशी त्याचा संबंध क्वचितच असतो, पण इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा.

डेड आणि नो डिस्प्लेच्या मधला एक प्रकार आहे: पंखे अर्धा सेकंद फिरतात आणि थांबतात. हे शॉर्टचं लक्षण. एसएमपीएसने धोका ओळखून स्वतःला बंद केलेलं असतं. मदरबोर्डखालचे पितळी स्टँडऑफ मोजा. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा राहून गेला असेल तर तो मागच्या बाजूच्या सांध्यांना टेकतो. जुळणीच्या वेळी हातातून निसटलेला स्क्रूही शोधा. आणि सुट्या वायरींचा एसएमपीएस असेल तर वायरी त्याच खोक्यातल्या आहेत ना? दुसऱ्या कंपनीची वायर भोकात छान बसते, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते. मग डिस्क जाते, कधी बोर्डही.

आता नो डिस्प्ले. पंखे फिरतात, आरजीबी झगमगतं, पडदा मात्र काळा. सर्वात आधी वाट बघा. डीडीआर५ रॅम असलेल्या संगणकात, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटवर, पहिल्यांदा सुरू करताना रॅमशी नेमक्या कुठल्या वेळेला बोलायचं हे बोर्ड मोजून ठरवतो. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅम जास्त असेल तर याला काही मिनिटं जातात. या काळात पडद्यावर काही येत नाही, डीरॅमचा दिवा पेटलेला असतो, मधेच संगणक स्वतःहून बंद-चालूही होतो. सगळी लक्षणं बिघाडाचीच. २०२२च्या सप्टेंबरमध्ये एएम५ बाजारात आलं तेव्हा कित्येकांनी याच टप्प्यावर घाबरून बटण दाबून ठेवलं, आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा बटण दाबा आणि चहा करायला जा. पंधरा मिनिटांनीही काळोखच असेल तर पुढे वाचा.

एचडीएमआयची वायर कुठे लावली आहे? ग्राफिक कार्ड असेल तर ती कार्डालाच हवी, वरच्या बाजूला मदरबोर्डवर नव्हे. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये, उदाहरणार्थ कोअर आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ७५००एफ, चित्र दाखवायची सोयच नसते. साधा रायझन ५ ५६०० घेतलेल्यांचंही तेच.

सीपीयूचा दिवा पेटला असेल तर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला आठ पिनांचा कनेक्टर बघा. प्रोसेसरची वीज तिथून येते. हा कोपरा पंख्यांच्या आणि कूलरच्या गर्दीत लपतो आणि विसरला जातो. ग्राफिक कार्डाचाही आठ पिनांचाच असतो, पण त्याच्या घरांचे आकार वेगळे. जोर लावावा लागत असेल तर तो चुकीचा आहे.

डीरॅमचा दिवा असेल तर दोन्ही रॅम काढा. एकच पट्टी घ्या आणि प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या खाचेत बसवा. बऱ्याच बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू अर्धवट राहिली तरी कळत नाही. दोन्ही टोकं दाबा. आपल्याकडे रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासण्याचा प्रघात आहे. दहा वर्षं वापरलेल्या, दमट हवेत काळवंडलेल्या रॅमसाठी तो ठीक. कालच खोक्यातून निघालेल्या रॅमवरचा सोन्याचा पातळ मुलामा घासून काय मिळणार?

इतकं करूनही अडलं तर नवं काही लावू नका, लावलेलं काढा. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, दोन वीज-कनेक्टर, बस. ग्राफिक कार्डही नको, प्रोसेसरला स्वतःचं चित्र असेल तर. इथे चालला, तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढलेल्या वस्तूंमध्ये. एकेक परत लावत गेलं की सापडतो. इथेही नाही चालला तर बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत घाला, म्हणजे बायोसच्या जुन्या नोंदी पुसल्या जातील. मग प्रोसेसर उचलून सॉकेट पाहा. एएम५च्या सॉकेटमध्ये १७१८ बारीक पिना असतात. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून फोटो काढा आणि मोठा करून बघा. वाकलेली पिन रांगेत वेगळी चमकते. ती स्वतः सरळ करायला जाऊ नका. आधी दुकानदाराला फोटो पाठवा.

एक कारण उरतं, आणि त्यात तुमच्या हाताचा दोष नसतो. बोर्ड दुकानात वर्षभर पडून असेल आणि प्रोसेसर त्यानंतरचा असेल, तर बोर्डातला बायोस त्याला ओळखतच नाही. बी६५०चे सुरुवातीचे बोर्ड आणि २०२४ साली आलेले ९००० मालिकेतले रायझन ही अशी जोडी. बोर्डाच्या मागे ‘बायोस फ्लॅशबॅक’ किंवा तशा अर्थाचं बटण असेल तर प्रोसेसर न चालताही बायोस बदलता येतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्याच बोर्डाची फाइल उतरवा, तिला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्या, एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर टाका, खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्ये खोचा आणि ते बटण काही सेकंद दाबा. दिवा लुकलुकू लागेल. तो थांबेपर्यंत वीज जाता कामा नये, त्यामुळे भारनियमनाची वेळ टाळा आणि इन्व्हर्टर असेल तर त्यावरच लावा. बटण नसेल तर दुकानदाराकडून जुन्या प्रोसेसरवर बायोस बदलून घ्या. बिल आणि सगळी खोकी तोवर फेकू नका.

बायोसचा पडदा दिसला की त्यात रॅम पूर्ण दिसते का, प्रोसेसरचं तापमान चाळीस-पन्नासच्या आसपास आहे का, एवढं बघा. तापमान डोळ्यांदेखत नव्वदच्या पुढे चढत असेल तर संगणक लगेच बंद करा आणि कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढलं होतं का ते तपासा. ‘बूट’चा दिवा पेटून राहिला असेल तर काळजी नको, डिस्क कोरी आहे, तिथे सुरू होण्यासारखं अजून काही नाही. पुढच्या भागात त्या डिस्कवर काय घालायचं ते पाहू.